शिक्का कोणाच्या हाती?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवीला रेडिओवर बोलायला बोलावले की लोकांना वाटते, आता पाऊस, चांदणे, विरह असे काहीतरी ऐकायला मिळणार. श्रोतेहो, आज तसे काही नाही. आज मी धुराविषयी बोलणार आहे, आणि त्यातही धूर मोजणाऱ्या माणसाविषयी. तो माणूस कोण असावा, परवाना कोणाला द्यावा, किती जणांना द्यावा, या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे. मी बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस, इंजिनातले मला काही कळत नाही. हा इतिहास मला माझ्या पुतण्यामुळे वाचावा लागला.

माझ्या थोरल्या भावाचे गॅरेज होते. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी तीस-पस्तीस वर्षे स्कूटर आणि रिक्षा दुरुस्त केल्या. शेवटची काही वर्षे त्यांना दम लागायचा. तो धुरामुळेच लागत होता, असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण आपल्या मुलाने त्या शेडमध्ये बसू नये, एवढे त्यांनी ठरवले होते. म्हणून इरफानने पीयूसीचा परवाना काढला. जुनी मारुती व्हॅन, तिच्यात धूर तपासायचे यंत्र, संगणक, प्रिंटर. नाक्यावरच्या पिंपळाखाली ती व्हॅन उभी असते.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दुपारी मी त्याच्याजवळ स्टुलावर बसलो होतो. एक रिक्षा आली. इरफानने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा पाहिला आणि म्हणाला, "काका, कार्ब्युरेटर साफ करून आणा, मग सर्टिफिकेट देतो." रिक्षावाले काही बोलले नाहीत. निघून गेले. पंधरा-वीस मिनिटांनी तीच रिक्षा समोरून गेली. चालकाने वेग कमी केला, हातातला कागद आम्हाला दाखवला आणि हसत पुढे गेला. रस्त्याच्या पलीकडे दुसरी व्हॅन उभी होती.

"चाचा," इरफान म्हणाला, "रिक्षा तीच, धूर तोच. फक्त व्हॅन बदलली."

संध्याकाळपर्यंत पलीकडे रांग होती आणि आमच्याकडे चार गाड्या आल्या. व्हॅनचे दार लावताना त्याने मला विचारले, "चाचा, माझं चुकलं का?"

मी "नाही बेटा" म्हणालो खरा, पण मनात खात्री नव्हती. कारण त्याच्याही आधी मी माझ्या स्कूटरचे प्रमाणपत्र कसे घेतले होते, ते मला आठवले. तेव्हा त्या माणसाने नळीला हातसुद्धा लावला नव्हता. "नंबर सांगा साहेब," म्हणाला आणि कागद हातात दिला. माझी दहा मिनिटे वाचली म्हणून मी खूश झालो होतो. माझी ती टू-स्ट्रोक स्कूटर सुरू केली की गल्लीत निळा धूर पसरायचा. म्हणजे पलीकडच्या व्हॅनच्या रांगेत कधीकाळी मीही उभा होतो.

मोजणाऱ्याला मोजायचे कोणी, हा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. वजने आणि मापे यांची देखरेख हे त्याचे काम. दर चार महिन्यांनी व्यापाऱ्याने आपली मापे तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यायचा आणि बिनशिक्क्याचे माप सापडले तर दंड भरायचा, असा नियम तिथे सांगितला आहे. पुढे मुस्लिम राजवटींच्या शहरांत हेच काम मुहतसिबाकडे आले. उर्दू गझल वाचणाऱ्यांना हा मुहतसिब चांगला ओळखीचा आहे. शायरांनी त्याला कधी सोडले नाही. दिवसा दुसऱ्यांचे प्याले फोडणारा आणि रात्री स्वतः ओठ ओले करणारा, असे त्याचे चित्र त्यांनी रंगवले. पण त्याचे मूळ काम बाजारातले. तराजू पाहायचा, दुधातले पाणी पाहायचे, भेसळ पकडायची. शायरांनी त्याची थट्टा केली ती बहुधा याच कारणाने. तपासणारा आणि तपासला जाणारा यांची दोस्ती झाली की शिक्क्याला अर्थ उरत नाही.

तरी त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. बाजारात दहा मुहतसिब दुकाने थाटून बसलेले नव्हते. आपल्या मापावर कोण डोळेझाक करील, हे शोधत व्यापाऱ्याला फिरता येत नव्हते. मोटारीच्या धुराबाबत मात्र जगात अनेक ठिकाणी नेमके हेच झाले.

२६ जुलै १९४३ रोजी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे दुखू लागले. दुसरे महायुद्ध चालू होते, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका काहींना आली. पुढे १९५०च्या सुमारास हाखन-स्मिट नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने या धुरक्याचा उलगडा केला. मोटारींच्या आणि तेलकारखान्यांच्या वायूंवर ऊन पडले की हे धुरके तयार होते, असे त्याने दाखवले. शत्रू बाहेरून आलेला नव्हता. तो घरोघरी दाराशी उभा होता आणि रोज सकाळी लोकच त्याला किल्ली लावत होते.

नवी गाडी स्वच्छ निघावी म्हणून कारखान्यांवर बंधने आली. पण गाडी जुनी होते, इंजिन बिघडते. म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांची ठरावीक काळाने तपासणी आली. न्यू जर्सी राज्याने १९७४ साली ती सक्तीची केली. कॅलिफोर्नियात ती १९८४ साली सुरू झाली, दर दोन वर्षांनी एकदा. तिथे सरकारने स्वतःची केंद्रे उभारली नाहीत, खासगी गॅरेजांना परवाने दिले. गाडी तपासायची त्यांनीच आणि बिघडली असेल तर दुरुस्त करायचीही त्यांनीच. गिऱ्हाइकाला सोयीचे, हजारो छोट्या गॅरेजवाल्यांना धंदा आणि सरकारला खर्च नाही.

वरवर यात वावगे काही दिसत नाही. पण इथे मला माझे भाऊ आठवतात. गॅरेजातच पीयूसीचे यंत्र ठेवा, असे त्यांना एकाने सुचवले होते. ते म्हणाले होते, "मी बसवलेल्या इंजिनाला मीच पास म्हणायचं? मग मला शिव्या कोण देणार?" त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने १९९२ साली नियम केला, त्याचा अर्थ जवळपास हाच होता. तपासणी आणि दुरुस्ती एकाच छताखाली असेल, तर त्या राज्याच्या तपासणीमुळे होणारी प्रदूषणातील घट निम्मीच धरली जाईल, असे त्या संस्थेने ठरवले. गॅरेजवाला दोन्हीकडे चुकू शकतो. जुने गिऱ्हाईक तुटू नये म्हणून वाईट गाडी पास करील, किंवा दुरुस्तीचे बिल लावायला चांगली गाडी नापास करील.

कॅलिफोर्नियातले गॅरेजवाले खवळले. राज्य सरकारही त्यांच्या बाजूने उभे राहिले. महामार्गांसाठी मिळणारा केंद्राचा निधी रोखण्यापर्यंत ताणले गेले. तेवढ्यात १७ जानेवारी १९९४ रोजी नॉर्थरिजचा भूकंप झाला आणि लॉस एंजेलिसचे उड्डाणरस्ते कोसळले. अशा वेळी रस्त्यांचा पैसा कोण अडवणार? त्याच वर्षी तडजोड झाली. सगळ्या गॅरेजांचे परवाने काढले नाहीत. पण ज्या गाड्या जास्त धूर सोडण्याची शक्यता आहे, त्या फक्त तपासणीच करणाऱ्या केंद्रांत पाठवायच्या, असे ठरले.

मेक्सिको सिटीने याहून कडक पाऊल टाकले. हे शहर डोंगरांच्या वाटीत, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर वसले आहे. तिथली हवा एकेकाळी जगातल्या सर्वांत वाईट हवांपैकी होती. तिथेही आधी लहान-मोठ्या गॅरेजांना तपासणीचे परवाने दिले होते. गल्लोगल्ली केंद्रे झाली आणि गल्लोगल्ली कागद विकला जाऊ लागला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर सरकारने या गॅरेजांचे परवाने काढून घेतले. फक्त तपासणी करणारी, अनेक मार्गिकांची, संगणकाने जोडलेली मोठी केंद्रे तेवढी ठेवली. गॅरेजवाल्यांनी विरोध केला, पण सरकार मागे हटले नाही.

परवान्यांची संख्या का मर्यादित ठेवायची, ते नीट पाहायला हवे. एरवी आपण म्हणतो, दुकाने जास्त असली की गिऱ्हाइकाचा फायदा. धान्याच्या बाजारात ते खरेच आहे. पण तपासणी ही वस्तू वेगळी आहे. धूर सोडणाऱ्या गाडीच्या मालकाला चांगली तपासणी नको असते, त्याला कागद हवा असतो. चांगल्या तपासणीची गरज असते ती सिग्नलला मागे उभ्या असलेल्या माणसाला, आणि तो तर गिऱ्हाईकच नसतो. एका नाक्यावर दोन गाड्यांपुरते काम आणि पाच व्हॅन अशी स्थिती झाली की त्या पाच जणांत स्पर्धा लागते ती कोण जास्त सैल आहे याची. धान्याच्या दुकानात स्पर्धेने भाव उतरतो, इथे कसोटी उतरते.

मात्र परवाने मोजके ठेवले की सगळे सुरळीत होते, असेही नाही. परवाना-राजचे दिवस आपण पाहिले आहेत. परवाना दुर्मिळ झाला की त्या परवान्यालाच भाव येतो. रांगा लागतात, रांगेत दलाल येतात. खेड्यातल्या माणसाला एका कागदासाठी तालुक्याला जावे लागते. मेक्सिकोतच पाहा. २०१५ साली तिथे नियम बदलले. जुनी गाडीही तपासणीत उत्तम ठरली तर रोज रस्त्यावर आणता येईल, असे झाले. लगेच उत्तम शेऱ्याची किंमत वाढली. मार्च २०१६ मध्ये त्या शहरात ओझोन इतका वाढला की आणीबाणीचे उपाय योजावे लागले, आणि तपासणी केंद्रांतल्या लाचखोरीची चर्चा पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी जुलैपासून गाडीतल्या संगणकालाच जोडणी करून तपासायची पद्धत आणली गेली. केंद्रे थोडी होती, मोठी होती, तरीही मोह आत शिरलाच.

आता आपल्याकडे येऊ. १९८८चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १ जुलै १९८९पासून लागू झाले. नोंदणीला एक वर्ष झाले की प्रत्येक वाहनाजवळ 'पोल्यूशन अंडर कंट्रोल', म्हणजे आपले पीयूसी, असलेच पाहिजे असा नियम झाला. चारचाकी पेट्रोल गाडी जागेवर चालू असताना तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको, दुचाकी-तिचाकीच्या धुरात साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशा मर्यादा होत्या. १ ऑक्टोबर २००४पासून त्या आणखी कडक झाल्या आणि हायड्रोकार्बनचीही मोजणी सुरू झाली. धूर मोजायच्या यंत्रांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय.

यंत्राला मान्यता, चालवणाऱ्याला परवाना, प्रमाणपत्राला मुदत, असे सगळे कागदावर आले. पण तपासणाऱ्याचे पोट कशावर चालते, या प्रश्नाकडे कोणी फारसे पाहिले नाही. त्याचे उत्पन्न गाड्यांच्या संख्येवर ठरते आणि गाड्यांची संख्या तो किती जणांना नापास करतो यावर. मग युक्त्या निघतात. नळी सायलेन्सरमध्ये अर्धवट घालायची, म्हणजे बाहेरची हवा मिसळून आकडा उतरतो. नाहीतर नंबरप्लेट एका गाडीची आणि धूर दुसरीचा.

याच काळात नागरिक न्यायालयात गेले. मुंबईत 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९९ साली समिती नेमली, आणि पुढे जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले. दिल्लीच्या हवेबाबत एम. सी. मेहता यांचा खटला १९८५पासून चालत आला आहे. त्याच खटल्यात १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, पीयूसी नसेल तर वाहनाच्या विम्याचे नूतनीकरण करू नये. हेतू चांगला होता. पण विम्यामुळे विनाविमा गाड्या वाढतील आणि अपघातग्रस्तांना भरपाई मिळणार नाही, अशी अडचण पुढे आली. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट मागे घेतली.

कागदाची सक्ती वाढवली आणि मोजणी सैलच ठेवली तर काय होते, ते भारताच्या महालेखापरीक्षकांनी आकड्यांत दाखवले. दिल्लीतल्या वाहन प्रदूषणावरचा त्यांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजीवर चालणाऱ्या १ लाख ८ हजार वाहनांचा धूर मर्यादेपेक्षा जास्त असूनही ती उत्तीर्ण झाली होती. ७६ हजारांहून अधिक वेळा तपासणी आणि प्रमाणपत्र हे दोन्ही एका मिनिटात उरकले होते. एका मिनिटात तर चहासुद्धा उकळत नाही.

हे वाचून केंद्रचालकांवर राग येतो. पण दुसरीही बाजू आहे. दिल्लीत पीयूसीचे दर २०११नंतर थेट जुलै २०२४ मध्ये वाढले. दुचाकी आणि तिचाकीचे साठ रुपयांचे ऐंशी झाले, डिझेल गाडीचे शंभराचे एकशे चाळीस. ही वाढ पुरत नाही म्हणून चालकांनी केंद्रे बंद ठेवली. तेरा वर्षांत भाडे, पगार, विजेचे बिल जागेवर थांबत नाही. सचोटीने तपासणारा उपाशी राहील असे दर ठेवायचे आणि मग त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करायची, हे काही न्यायाचे नाही.

मग उपाय काय? इतिहासातून मला जे दिसले ते सांगतो. कॅलिफोर्नियाने २०१३पासून एक पद्धत आणली. केंद्राने पास केलेली गाडी पुढच्या तपासणीत कशी ठरते, तेही पाहायचे. एका केंद्राने पास केलेल्या गाड्या पुढे दुसरीकडे फार नापास होत असतील, तर अडचणीच्या गाड्या तपासायचा त्याचा अधिकार जातो. म्हणजे आज डोळेझाक केली की दोन वर्षांनी ती उघडी पडते. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम निघाले. ती केंद्रे गाड्यांच्या फिटनेससाठी आहेत. त्यांत साफ लिहिले आहे की, असे केंद्र चालवणाऱ्याने वाहनांची दुरुस्ती, निर्मिती किंवा विक्री करायची नाही. चौथी शिकलेल्या माझ्या भावाचे म्हणणे शेवटी राजपत्रात आले, असे मी घरी सांगितले. पण नाक्यावरच्या पीयूसीला अजून हा न्याय पूर्णपणे लागू झालेला नाही.

त्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, देशभर पीयूसीचा एकच नमुना ठरला आणि पहिल्यांदाच नापास गाडीसाठी वेगळी चिठ्ठी आली. गाडी का नापास झाली, ते त्या चिठ्ठीवर येते. ती गॅरेजवाल्याला दाखवता येते. यंत्रच बिघडलेले आहे अशी शंका असेल तर ती घेऊन दुसऱ्या केंद्रावर खात्री करून घेता येते. लोकांना ही चिठ्ठी आवडत नाही. इरफानला मात्र ती फार आवडते. तो म्हणतो, "चाचा, आधी माझ्याकडे फक्त 'हो' म्हणायचा कागद होता. आता 'नाही' म्हणायचाही आहे."

परवान्यांची संख्या किती असावी याचे एकच उत्तर माझ्याजवळ नाही. मुंबईचे उत्तर वेगळे असेल, गडचिरोलीचे वेगळे. पण संख्या ठरवताना तीन गोष्टी आधी विचाराव्यात. तपासणाऱ्याला नापास करणे परवडते का? तपासणीच्या निकालात त्याचा दुसरा काही धंदा अडकला आहे का? आणि त्याने दिलेला शिक्का नंतर कोणी तपासतो का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरोबर असतील तर नाक्यावर दोन व्हॅन चालतील. ती चुकली तर एकच असली तरी उपयोग नाही.

माझा पुतण्या अजून त्याच पिंपळाखाली असतो. पलीकडची व्हॅनही आहे. इरफानकडे गाड्या कमीच येतात. पण हल्ली दोन शाळांच्या बसचालकांनी त्याच्याकडेच यायचे ठरवले आहे. शाळेने तसे सांगितले म्हणे. "माझं चुकलं का," असे त्याने मला पुन्हा विचारले नाही. विचारले असते तर या वेळी मी न अडखळता उत्तर दिले असते.

श्रोतेहो, एक विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी पीयूसी काढायला जाल तेव्हा गाडीतून खाली उतरा. नळी सायलेन्सरमध्ये नीट आत गेली का आणि यंत्रावर आकडा कोणता आला, तो स्वतः पाहा. कोणी "नंबर सांगा साहेब" म्हणाले, तर "आधी नळी घाला," म्हणा. मी त्या दिवशी हे म्हणालो नव्हतो.